ट्रेनरकडून शिकून आलेला बर्ड डॉग मुंबईत घरी आणल्यावर काय काय करायचं

लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनिअल, पॉइंटर असा एखादा बर्ड डॉग, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीत मदत करायला घडवलेल्या जातीचा कुत्रा, तुम्ही महिना-दोन महिने ट्रेनरकडे ठेवलाय, किंवा ठेवायचा विचार चाललाय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. तक्रार सगळीकडे एकच ऐकू येते. "तिकडे एकदम शहाण्यासारखा वागत होता हो, घरी आणला आणि दोन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न." मग ट्रेनरच्या नावाने बोटं मोडायची, कुत्र्यावर राग काढायचा, आणि शेवटी तो कुत्रा परत बाल्कनीत बसून कबुतरांवर भुंकत दिवस काढतो. माझं मत असं आहे की बहुतेक वेळा कुत्रा काही विसरलेला नसतो. त्याला जे शिकवलंय ते वापरायचं कसं हे मालकाला कुणी दाखवलेलं नसतं, आणि मालकानेही विचारलेलं नसतं. म्हणून कुत्र्याच्या ट्रेनिंगला जेवढा वेळ देताय त्यात स्वतःच्या ट्रेनिंगचा वेळ आधीच धरून चाला.

आधी शिकारीचं बोलून घेऊ, कारण बर्ड डॉग म्हटलं की तो विषय येतोच. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीच्या परवान्यांचा विषयच संपला. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं असं नाहीये, पकडणं, सापळा लावणं, हाकून नेणं, मागे कुत्रे सोडणं, पक्ष्यांची अंडी-घरटी हलवणं हे सगळं त्यातच धरलंय. त्यामुळे येऊरला नाहीतर मुरबाडच्या बाजूला कुत्रा मोकळा सोडून "तित्तिर उठवू दे जरा, आपण कुठे मारतोय" असं म्हणणारे लोक भेटले तर त्यांच्यासोबत जाऊ नका. मला विचाराल तर कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं. मग या कुत्र्यांनी करायचं काय? डमी. म्हणजे कॅनव्हासची लांबट गुंडाळी, पक्ष्याऐवजी ती फेकायची, लपवायची, शोधायला लावायची, आणून हातात द्यायला लावायची. कुत्र्याला वास, धावणं, शोधणं, आणून देणं सगळं मिळतं आणि कुणाचा जीव जात नाही.

आता कुत्रा कुठल्या कामासाठी घडलाय ते माहीत पाहिजे, नाहीतर त्याचा स्वभाव म्हणजे तुम्हाला खोडी वाटेल. पॉइंटर लांब फिरतो, वास लागला की जागीच पुतळ्यासारखा थांबतो. स्पॅनिअल झुडपात घुसून पक्षी उठवतो, आणि तो बंदुकीच्या टप्प्यातच फिरला पाहिजे म्हणून त्याला जवळ-जवळ फिरायला शिकवतात. रिट्रीव्हर मालकाशेजारी शांत बसून राहतो, पडलेला पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवतो आणि न चावता आणून देतो. घरातला लॅब चपला, रिमोट, टॉवेल तोंडात धरून सगळ्यांना दाखवत फिरतो ना, ते त्याचं कामच आहे, त्याबद्दल ओरडलात तर उद्या तो डमी आणून द्यायलाही कचरेल. चप्पल आणली तरी शाबासकी द्या, हात हनुवटीखाली धरून काढून घ्या, आणि चपला कपाटात ठेवायची सवय आपण लावून घ्या.

माझा मावसभाऊ बरीच वर्षं अमेरिकेत मिनेसोटाला आहे, तिकडे परवान्याने आणि सीझनमध्येच शिकार चालते, त्याच्याकडे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आहे आणि प्रोफेशनल ट्रेनरकडून शिकलेला आहे. त्याच्या ग्रुपमधल्या मालकांचे जे अनुभव तो सांगतो ते ऐकून मला आपल्याकडचं कोडं सुटलं. ट्रेनर कबुतरं आणि बटेर वापरून कुत्र्याला पक्का करून देतो, म्हणजे पक्षी उडाला तरी जागचा हलायचं नाही, बंदूक वाजली तरी हलायचं नाही, सांगितल्यावरच जायचं. मालक त्याला घेऊन थेट सीझनच्या पहिल्या दिवशी चार मित्रांसोबत रानात जातो. तिथला फेजंट हा असला पक्षी की तो बसून राहत नाही, गवतातून पायी पळत सुटतो. कुत्रा वासावर थांबतो, पक्षी सरकतो, कुत्रा जरा पुढे जातो, पक्षी उडतो, कुत्रा पळतो, आणि कुणीतरी उत्साहात गोळी झाडतो आणि पक्षी पडतो. झालं! कुत्रा काय शिकला, की थांबायची गरज नाही, मागे पळालं की पक्षी मिळतो. महिन्यांची मेहनत त्या एका गोळीने पोखरली जाते. म्हणून तिकडचे जाणते मालक दोन नियम पाळतात, पहिल्या काही वेळा कुत्र्यासोबत एकट्याने जायचं, आणि कुत्र्याने नीट थांबून दाखवलेल्या पक्ष्यावरच गोळी झाडायची, बाकी उडाले तर उडू द्यायचे. एक-दोन पक्षी हातचे गेले तरी चालतील, कुत्र्याचा धडा जाऊ द्यायचा नाही.

हे दोन्ही नियम मुंबईत जसेच्या तसे लागू होतात, फक्त पक्ष्याच्या जागी डमी, बॉल आणि सोसायटीतली पोरं आहेत असं समजा. त्यावर पुढे येतेच.

ट्रेनर निवडताना

यावर फार लिहीत नाही. व्हिडिओ बघून ठरवू नका, व्हिडिओत ट्रेनरचं मैदान, ट्रेनरचा आवाज, ट्रेनरची वेळ असते. प्रत्यक्ष जा, आधी न सांगता जाता आलं तर उत्तम, कुत्रे झोपतात कुठे, पाणी कुठलं, सावली आहे का, एका वेळी किती कुत्रे आहेत ते बघा. आणि एक गोष्ट नक्की मागा, की तुमच्याकडचा एखादा तयार कुत्रा तुमच्या हेल्परला नाहीतर त्याच्या मालकाला हाताळू द्या, मला बघायचंय. दुसऱ्याच्या हातात कुत्रा काम करत असेल तर ट्रेनर चांगला. कोर्स चालू असताना भेटायला येऊ देत नाही म्हणणारा नको, दर काही दिवसांनी येऊन शिकायला हवं असं स्वतःहून म्हणणारा सोन्यासारखा. शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळ्यातला पट्टा, वापरतो का हे स्पष्ट शब्दांत विचारा. वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे, आपल्याकडे सर्रास कुणीही ऑनलाइन मागवतो, आणि नवख्या हातात ते यंत्र फार वाईट. मला विचाराल तर घरच्या कुत्र्यासाठी त्याची काहीएक गरज नाही.

लसीचं पुस्तक पूर्ण करूनच पाठवा, रेबीज तर हवीच, लेप्टोचा डोस त्यात आहे का ते डॉक्टरांना विचारा कारण आपल्या पावसाळ्यात उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही आहे, आणि बरेच कुत्रे एकत्र राहतात तिथे खोकल्याची साथ पटकन पसरते त्यामुळे त्या लसीबद्दलही विचारा.

कुत्रा ताब्यात घेणं, इथेच सगळा खेळ आहे

बहुतेक लोक काय करतात, रविवारी गाडी काढतात, बायको-पोरं सगळे, तिथे पोचतात, कुत्रा अंगावर उड्या मारतो, सगळ्यांच्या डोळ्यात पाणी, ट्रेनर दहा मिनिटं डेमो देतो, पैसे दिले, निघाले. असं करू नका. शेवटच्या आठवड्यात किमान दोन-तीन वेळा जा आणि जो माणूस घरी रोज कुत्र्याला फिरवणार आहे तोच जा. पहिल्यांदा नुसतं बघा. कुत्र्याला दिसणार नाही असं उभं राहा आणि ट्रेनर काय बोलतो यापेक्षा त्याचे हात, खांदे, पाय काय करतात ते बघा, कारण कुत्रा तेच वाचत असतो. शिटी वाजवायच्या आधी तो थांबतो का, हात वर करतो तेव्हा तळवा उघडा असतो का, कुत्र्याला बोलवताना वाकतो की मागे सरकतो. ट्रेनरची परवानगी घेऊन मोबाईल कुत्र्याच्या उंचीवर धरून शूट करा, म्हणजे कुत्र्याला काय दिसतं ते कळेल. दुसऱ्या वेळी तुम्ही हाताळा आणि ट्रेनर मागे उभा राहून टोकत राहू दे. तिसऱ्या वेळी ट्रेनरला गेटच्या बाहेर जायला सांगा. तो डोळ्याआड झाला आणि तरी कुत्र्याने तुमचं ऐकलं तरच घरी आणायचा, नाहीतर आणखी एक आठवडा ठेवा, त्याचे पैसे वाया जात नाहीत.

शिटीबद्दल सांगते कारण हे फार कामाचं आहे. पक्ष्यांवर काम करणाऱ्या कुत्र्यांना आवाजापेक्षा शिटीवर शिकवतात. साधारण पद्धत अशी की एक लांब शिटी म्हणजे असशील तिथे बस, आणि लागोपाठ छोट्या शिट्या म्हणजे परत ये. यासाठी अ‍ॅक्मी कंपनीच्या नंबरवाल्या शिट्या मिळतात, २१०.५ बहुतेक स्पॅनिअलवाले वापरतात आणि २११.५ रिट्रीव्हरवाले. नंबर एवढ्यासाठी की त्या नंबरची कुठलीही शिटी घेतली तरी आवाज तोच, हरवली तर दुसरी आणली आणि काम चालू. ट्रेनरकडे कुठला नंबर आहे तो विचारा आणि तीच घ्या, एक जास्तीची घ्या. आपल्या घरात आजी एक म्हणते, पोरगा दुसरं म्हणतो, कामवाल्या मावशी तिसरंच, शिटीमुळे तो घोळ आपोआप मिटतो. शिवाय चिडलेला आवाज, घाबरलेला आवाज, दमलेला आवाज असलं शिटीत काही कळत नाही, कुत्र्याला ते सोपं जातं.

शब्दही लागतातच, तर ट्रेनरकडून सगळे शब्द आणि खुणा एका कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. घरातल्या प्रत्येकाने तेच वापरायचे. आणि एकदाच बोलायचं. "बस, बस ना, ए बस रे, बस म्हटलं ना" यात कुत्रा हे शिकतो की पहिल्या तीन वेळा ऐकायची काही घाई नाही.

घरी आल्यावरचे पहिले दिवस

पार्टी नको. पाहुणे नकोत. सोसायटीतल्या सगळ्या पोरांना भेटवायची घाई नको. ट्रेनरकडे जे खाणं चालू होतं तेच तेवढ्याच वेळेला, मग हळूहळू आपलं. पहिल्याच दिवशी अंग नीट तपासा, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, गोचीड आहे का बघा, कारण गोचिडाचा ताप मुंबई परिसरात फार आहे आणि कुत्रा सुस्त, जेवत नाही, हिरड्या पांढुरक्या असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासा. पंजे बघा, वजन करा. आणखी एक तपासायचं, शिटी हातात घेतली किंवा हात वर केला की कुत्रा दबतो का, शेपूट आत घेतो का, जमिनीला चिकटतो का. तसं होत असेल तर ट्रेनिंग कसं झालंय ते समजा, मग काही दिवस कमांड बंद, नुसतं फिरणं-खेळणं, आणि शिटी वाजली की हातात खाऊ असं पुन्हा पहिल्यापासून जोडत जायचं.

सुरुवातीला एकाच माणसाने हाताळायचं. घराच्या आत, मग जिन्यात, मग लिफ्टमध्ये, मग कंपाउंडमध्ये, मग रस्त्यावर, आणि सगळ्यात शेवटी मैदान. ट्रेनरच्या शेतावर बसायला शिकलेला कुत्रा लिफ्टमध्ये बसतो असं आपण धरून चालतो, कुत्र्याला मात्र ती जागा नवी असते, तिथे लोखंडी दार खडखडतं, कुणीतरी परफ्यूम मारून आलेलं असतं, दुसऱ्या मजल्यावर दुसरा कुत्रा चढतो. प्रत्येक नव्या जागी एक पायरी सोपी करून सुरुवात करा.

आणि हा नियम लक्षात ठेवाच, जी कमांड तुम्ही पाळून घेऊ शकत नाही ती देऊ नका. कुत्रा पन्नास फुटांवर दुसऱ्या कुत्र्याशी खेळतोय, तुमच्या हातात काही नाही, आणि तुम्ही ये ये ओरडताय, तर प्रत्येक हाकेला तुमचा शब्द स्वस्त होतोय. म्हणून लांब दोरी. साधारण दहा मीटरची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती मऊ विणलेली नायलॉनची चालते, एका टोकाला चांगला हुक शिवून घ्या, दुसऱ्या टोकाला गाठ मारू नका कारण ती दगडात, झुडपात अडकते. दोरी जमिनीवर लोळत राहू द्या, हाताला गुंडाळू नका, तीस किलोचा लॅब सुटला तर बोटं मोडतील, आणि पातळ हातमोजे घाला. कुत्र्याने शिटी ऐकली नाही तर ओरडायचं नाही, दोरीवर पाय द्यायचा, चालत त्याच्यापर्यंत जायचं, बसवायचं, परत फिरायचं. शांतपणे. हे कंटाळवाणं आहे आणि याच्याशिवाय इलाज नाही.

कबुतरं

तिकडचे ट्रेनर कुत्र्याला पक्षी उडाला तरी जागेवर राहायला शिकवण्यासाठी कबुतरं विकत आणतात, पाळतात, छोट्या यंत्रातून अचानक उडवतात. आपल्याकडे हे सगळं गच्चीवर, पार्किंगमध्ये, स्टेशनबाहेर फुकट हजर आहे, तर त्याचा उपयोग करा. कबुतरं दाणे टिपतायत तिथून बरंच लांब, म्हणजे कुत्रा बघतोय पण तोंडाने खाऊ घेतोय एवढ्या अंतरावर, कुत्र्याला बसवा. दोरीवर पाय ठेवा. वाट बघा. कबुतरं कधीतरी फडफड करून उठणारच, त्या क्षणी एक लांब शिटी. बसून राहिला तर लगेच खाऊ आणि कौतुक, उठला तर दोरीने थांबतोच, मग आणखी मागे जाऊन पुन्हा. अंतर काही दिवसांनी कमी करत आणायचं. हळूहळू पक्ष्याचं उडणं हीच कुत्र्यासाठी बसायची खूण होते, आणि मग रस्त्यात कबुतरामागे धावून गाडीखाली जायची भीती निम्मी होते. कुत्र्याला कबुतर कधीही पकडू द्यायचं नाही आणि पकडलं तर हसायचं नाही, आजारी कबुतर पटकन सापडतं आणि ते तोंडात जाणं कुत्र्यालाही बरं नाही.

याचा खरा फायदा मी वसईच्या बाजूला बघितला. एका मैत्रिणीची इंग्लिश पॉइंटर कुत्री आहे, पांढरी आणि लिंबाच्या रंगाचे डाग, नाव टिकली. उन्हाळ्यात सकाळी ओळखीच्यांच्या मोकळ्या भातशेतात फिरवत होतो, लांब दोरीवर. ढेकळांमधून नाक खाली घालून चालली होती आणि मध्येच थांबली, उजवा पाय अर्धा उचललेला तसाच, शेपूट सरळ, नाकपुड्या तेवढ्या हलतायत. पुढे पंधरा-वीस पावलांवर टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत जो काही आरडाओरडा सुरू केला तिने! टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, एवढा गोंधळ करते म्हणजे अंडी जवळपासच असणार. मैत्रिणीने एक लांब शिटी दिली. टिकली बसली, अंग थरथरतंय, घशातून बारीक कुईकुई चाललीय, डोळे टिटवीवर, पण बसलीच. मैत्रीण दोरी हातात गोळा करत सावकाश तिच्यापर्यंत गेली, पट्टा धरला, आणि आम्ही आल्या वाटेने मागे फिरलो. पुढे जाऊन अंडी बघायचा विषयच नव्हता. शिकवलेल्या कुत्र्याचा उपयोग काय असं कुणी विचारलं की मी हे सांगते. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत अशा जमिनीवर दोरी न लावता कुत्रा नेऊच नका.

मैदानावरचं काम

वेळ म्हणजे पहाट, सूर्य वर यायच्या आत, उन्हाळ्यात तर नक्कीच. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, चटका बसत असेल तर कुत्र्याच्या पंजालाही बसतो. जेवल्यावर लगेच पळवू नका, तासाभराच्या वर जाऊ द्या. गोराई, मढ, अक्सा या बाजूला ओहोटीला मोकळी वाळू मिळते, पण खारं पाणी पिऊ दिलं तर जुलाब ठरलेले, गोडं पाणी सोबत ठेवा, मासेमारीचे गळ आणि जाळ्याचे तुकडे बघून चाला, आणि पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे पडलेले दिसले तर लगेच मागे फिरा, ते ब्लूबॉटल असतात, मेलेले दिसले तरी डंख बसतो आणि लॅब ते आधी तोंडात घेणार. जिथे भटक्या कुत्र्यांची टोळी आहे ती त्यांची जागा आहे, तिथे सराव नको. फिरायला येणारी माणसं आणि लहान मुलं असतील तर पट्टा लावलेलाच बरा, मोकळा सोडायचा हट्ट करू नका. मुंबईत शांत मैदान मिळणं हेच अर्धं काम आहे, त्यामुळे आठवड्याचे बाकी दिवस पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर छोटा सराव करायचा आणि मोठा सराव सुट्टीच्या दिवशी.

डमी विकतची मिळते, मोठ्या कुत्र्यासाठी साधारण एक पौंडाची म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपासची वापरतात, पिल्लांसाठी अर्धी. घरी करायची तर जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा, आत चिंध्या घट्ट भरून दोन्ही टोकं शिवा आणि एका टोकाला फेकायला दोरी लावा. टेनिस बॉल सारखा नको, त्याचं कापड दातांना घासतं, आणि बॉल म्हणजे कुत्र्याला नुसता दंगा वाटतो. आवाज करणारी खेळणी नकोत, ओढाओढीचा खेळ नको, या कुत्र्यांना तोंड मऊ ठेवायला शिकवलेलं असतं आणि दात रुतवायची सवय लागली की ते बिघडतं. डमीला पक्ष्याची पिसं बांधायची आयडिया ऐकाल, ती सोडून द्या, रानपक्ष्यांची पिसं-पंख जवळ बाळगणं आपल्याकडे कायद्याच्या भानगडीत नेऊ शकतं.

आता मावसभावाच्या नियमाकडे. कुत्रा डावीकडे बसलेला, डमी फेकली, तो परवानगीशिवाय सुटला. तुम्ही काय करता? आणून देतोय ना म्हणून कौतुक करता. तीच ती गोळी झाडल्यासारखं झालं. सुटला तर दोरीवर पाय, आणि डमी तुम्ही स्वतः चालत जाऊन उचलून आणायची, कुत्र्याने बघत बसायचं. उलट नीट बसला तरी प्रत्येक वेळी पाठवायचं नाही, निम्म्या डमी तुम्हीच उचला. पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते हे त्याच्या डोक्यात बसलं की त्याचं लक्ष डमीवरून तुमच्याकडे येतं, आणि तेच हवंय. सुरुवातीला एका सेशनला चार-पाच डमी पुरे, तो आणखी मागतोय तेव्हाच थांबवा. लोकांना वाटतं पन्नास वेळा फेकलं की कुत्रा दमेल आणि घरी शांत झोपेल, तसं होत नाही, तो जास्त पेटतो आणि सांधे झिजतात ते वेगळं.

आणून देण्यात सगळ्यात जास्त बिघाड होतो. कुत्रा डमी घेऊन येतो आणि दोन हात लांब थांबतो, किंवा गोल गोल पळतो, किंवा पायाशी टाकून अंग झटकतो. त्याच्या मागे धावायचं नाही, कधीच नाही. पाठ फिरवून उलट्या दिशेला चालायला लागा, परत ये च्या छोट्या छोट्या शिट्या द्या, तो तुम्हाला गाठायला येईल. आल्या आल्या डमीला हात लावू नका. आधी छाती, मान, कान चोळा, डमी त्याच्या तोंडातच राहू दे, त्याला वाटू दे की घेऊन आलो तर मजा येते. मग हात हनुवटीखाली धरून डमी सोडायची कमांड द्या. हिसकावलं की पुढच्या वेळी तो लांबच थांबेल. पाण्यातून येताना अंग झटकायच्या आत हातात यायला हवी असेल तर तुम्हीच पाण्याच्या काठापर्यंत जा.

बसून राहणं आणि आणून देणं पक्कं झालं की मग शोधायला लावा. एका ओळीत चालत जाऊन त्याच्या समोर डमी टाका, त्याला घेऊन मागे फिरा, आणि बऱ्याच अंतरावरून पाठवा, हे आठवणीचं काम त्यांना फार आवडतं. मग गवतात लपवा, वारा कुत्र्याच्या तोंडावर येईल अशा बाजूने. मुंबईत संध्याकाळी समुद्राकडून वारा असतो त्याचा अंदाज घेऊन पाठवलंत तर पहिल्याच प्रयत्नात सापडते आणि कुत्र्याचा विश्वास वाढतो.

खाऊचं काय

लॅबच्या बाबतीत हे वेगळं सांगावं लागतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गळालेला असतो, त्यांनी तपासलेल्यांत साधारण २३ टक्के कुत्र्यांमध्ये त्याची निदान एक तरी प्रत सापडली, आणि अशा कुत्र्यांचं वजन जास्त आणि खाण्याची ओढही जास्त. म्हणजे "आत्ताच जेवला तरी मागतोय" हे नाटक नसतं, पण द्यायचं मात्र नाही. ट्रेनिंगचा खाऊ दिवसाच्या जेवणातूनच बाजूला काढा, सकाळी वाटीत मोजून घ्या आणि ती संपली की संपलं. ट्रेनरकडून सडपातळ होऊन आलेला कुत्रा बघून घरातली मंडळी "वाळला गं बाई" म्हणून तूप-पोळी सुरू करतात, तेवढं थांबवा. हात फिरवला की बरगड्या लागायला हव्यात.

परत ट्रेनरकडे कधी

गोष्टी ढिल्या पडतातच, पावसाळ्यात दोन-तीन महिने मैदान नसतं तेव्हा तर नक्की. आधी स्वतः एक पायरी मागे या, लांब दोरी पुन्हा लावा, अंतर कमी करा, बहुतेक वेळा आठवड्याभरात गाडी रुळावर येते. तरी नाही जमलं तर कुत्र्याला पुन्हा महिनाभर ठेवून येऊ नका, ट्रेनरकडे तासाभराची वेळ मागा आणि कुत्र्यासोबत तुम्हीच जा. जायच्या आधी घरच्या कुणाला तरी तुमचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, त्यात तुम्ही आणि कुत्रा दोघं दिसले पाहिजेत, आणि जिथे बिघडतं तीच जागा, तीच वेळ असू दे. चांगला ट्रेनर त्यात आधी तुमचे पाय आणि शिटीचा टायमिंग बघेल आणि काय बदलायचं ते तिथल्या तिथे करून घेईल.